लहान पेप्टाइड आणि पेशींची वाढ: नवी कुपी उघडली की निकाल का बदलतो?

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. दोन ते दहा अमिनो आम्लांच्या एखाद्या लहान पेप्टाइडवर, म्हणजे आखूड साखळीवर, काम सुरू होते. पहिल्या प्रयोगात रक्तातून वेगळे केलेले लिम्फोसाइट (प्रतिकाराचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी) किंवा अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मूलपेशी कंट्रोलपेक्षा, म्हणजे पेप्टाइड न घातलेल्या तुलनेच्या पेशींपेक्षा, ठळकपणे जास्त वाढलेल्या दिसतात, आणि पुढच्या एक-दोन प्रयोगांतही तेच दिसल्यामुळे विश्वास बसतो. मग पेप्टाइडची नवी कुपी उघडली जाते, माध्यमात घालायच्या सीरमचा (रक्तद्रवाचा) लॉट बदलतो किंवा काम दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जाते, आणि परिणाम निम्म्यावर येतो, नाहीसा होतो, प्रसंगी उलटाही होतो. काही आठवड्यांनी तो पुन्हा दिसू लागतो आणि त्याचेही कारण कोणाला सांगता येत नाही.

अशा वेळी पहिला संशय पेशींवर जातो: पॅसेज (पेशी नव्या भांड्यात पुन्हा पेरणे) फार झाले असतील, रक्तदाता वेगळा होता, इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड कमीजास्त झाला असेल. ही कारणे खरी असू शकतात आणि त्यांचा विचार पुढे केला आहे. परंतु लहान पेप्टाइडच्या बाबतीत शोधाची सुरुवात पेशींपासून करणे मला योग्य वाटत नाही. इंटरल्यूकिन-2 सारखे प्रथिन माध्यमात मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम घातले तरी पुरते. चार-पाच अमिनो आम्लांचे पेप्टाइड मात्र अनेकदा मायक्रोमोलर संहतीला, काही वेळा त्याच्या शंभरपटीने वापरले जाते, म्हणजे मिलिलिटरला कित्येक मायक्रोग्रॅम पूड माध्यमात जाते. पूड इतकी जाते तेव्हा तिच्यासोबतचे क्षार, पाणी आणि जिवाणूंचे अवशेषही त्याच हिशेबाने जातात. शिवाय साखळी आखूड आणि उघडी असल्यामुळे सीरममधली एन्झाइमे तिचे तुकडे झपाट्याने करतात. म्हणून निकालाचा जैविक अर्थ लावण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हाती असली पाहिजेत: पेशींपुढे पेप्टाइडबरोबर आणखी काय गेले, आणि मोजणीच्या वेळेपर्यंत अखंड पेप्टाइड किती उरले.

कुपीवरचे वजन आणि कुपीतले पेप्टाइड

घन आधारावर साखळी जोडत जाण्याची पद्धत ब्रूस मेरिफील्ड यांनी 1963 मध्ये मांडली आणि तिच्यासाठी त्यांना 1984 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बाजारातून मागवलेले जवळजवळ प्रत्येक लहान पेप्टाइड याच मार्गाने तयार झालेले असते. साखळी आधारापासून सोडवताना आणि नंतर एचपीएलसी या घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने शुद्ध करताना ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत टीएफए, वापरले जाते आणि वेगळे काही सांगितले नसेल तर पेप्टाइड त्याच आम्लाचा क्षार म्हणून आपल्या हाती येते. विश्लेषण प्रमाणपत्रावर छापलेली 98 टक्के शुद्धता ही एचपीएलसीच्या आलेखातल्या शिखरांची असते. तिच्यात हा क्षारांश आणि पुडीतले पाणी धरलेले नसते.

यामुळे किती फरक पडतो ते थायमोपेंटिनच्या उदाहरणावरून पाहता येईल. थायमोपोएटिन या थायमस ग्रंथीतल्या प्रथिनाच्या 32 ते 36 या भागाचा हा पाच अमिनो आम्लांचा तुकडा आहे: आर्जिनिन, लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, व्हॅलिन, टायरोसिन. त्याचे रेणुभार सुमारे 680 आहे. आर्जिनिन, लायसिन आणि साखळीचे मोकळे अमिनो टोक अशा तीन जागी धन प्रभार येत असल्यामुळे एका रेणूमागे टीएफएचे तीन रेणू बसू शकतात, आणि टीएफएचा रेणुभार 114 आहे. तिन्ही जागा भरल्या तर 1022 भागांपैकी 680 भागच पेप्टाइड उरते, म्हणजे 5 मिलिग्रॅमच्या कुपीत सुमारे 3.3 मिलिग्रॅम, आणि पाण्याचा वाटा वजा केला की त्याहूनही थोडे कमी. दुसऱ्या पुरवठादाराने तेच पेप्टाइड अ‍ॅसिटेट क्षार म्हणून पाठवले असेल, तर सारख्याच वजनात पेप्टाइड जास्त असते. दोन्ही कुप्यांवर शुद्धता 98 टक्केच असते, दोन्हींतून 10 मायक्रोमोलर म्हणून जे द्रावण बनवले जाते ते मात्र वेगळे असते.

संहतीतली चूक एक वेळ परवडेल, कारण ती हिशेबाने सुधारता येते. टीएफएचा स्वतःचा परिणाम अधिक घातक आहे. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेटमुळे ऑस्टिओब्लास्ट (हाड बनवणाऱ्या पेशी) आणि कूर्चेच्या पेशींची वाढ मंदावते, आणि तीही 10 ते 100 नॅनोमोलर एवढ्या कमी संहतीला, असे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. वरच्या उदाहरणातले 10 मायक्रोमोलर थायमोपेंटिन आपल्यासोबत 30 मायक्रोमोलरपर्यंत टीएफए घेऊन जाते. अस्थिमज्जेतल्या मेसेंकायमल मूलपेशींपासूनच ऑस्टिओब्लास्ट घडतात, त्यामुळे अशा पेशींवर काम करणाऱ्याने हा क्षार दुर्लक्षू नये. उपाय अवघड नाही. पेप्टाइड अ‍ॅसिटेट किंवा हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात मागवावे, निव्वळ पेप्टाइडांशाचा आकडा लेखी घ्यावा, आणि हाताशी टीएफएचाच क्षार असेल तर तेवढ्याच संहतीचे सोडियम ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट घातलेला एक कंट्रोल ठेवावा. साखळीत टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन असेल, तर स्टॉक द्रावणाचे 280 नॅनोमीटरला शोषण मोजून खरी संहती स्वतःच ताडून पाहता येते. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती प्रत्येक नव्या कुपीला करावी.

आपल्याकडच्या हवेचा मुद्दा परदेशी पुस्तिकांत पुरेसा येत नाही. शुष्क गोठवलेली पेप्टाइडची पूड पाणी ओढून घेते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा कोकणात उणे 20 अंशांवरून काढलेली कुपी लगेच उघडली तर आतल्या पुडीवर दव जमते. त्यानंतर केलेले प्रत्येक वजन चुकीचे ठरते आणि मेथिओनिन, सिस्टीन किंवा ट्रिप्टोफॅन असलेली साखळी ओलाव्यात ऑक्सिडीकृत होऊ लागते. कुपी डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच झाकण उघडावे. शक्य असेल तर पुडीचे वजन करत बसूच नये: सगळी कुपी एकदाच विरघळवावी, एका प्रयोगाला पुरतील एवढे लहान भाग करावेत आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये.

धन प्रभाराची किंवा तेलकट स्वभावाची पेप्टाइडे नॅनोमोलर संहतीला काचेला आणि पॉलिस्टायरिनला चिकटतात. क्रमवार पातळ केलेल्या मालिकेत खालच्या दोन-तीन संहती अचानक निष्क्रिय झाल्यासारख्या दिसतात, त्यामागे बऱ्याचदा एवढेच कारण असते. कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या वापराव्यात. अल्ब्युमिन मिसळून चिकटणे कमी होते हे खरे, पण अल्ब्युमिनसोबत एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणाचा अवशेष) येऊ शकते, म्हणून त्याचाही वेगळा कंट्रोल लागतो.

एंडोटॉक्सिन: सर्वांत आधी वगळायचे कारण

प्रतिकारपेशींवरचा परिणाम एका लॉटला दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही, अशा तक्रारीत मी सर्वांत आधी एंडोटॉक्सिनचा विचार करतो. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणातले हे लिपोपॉलिसॅकराइड मोनोसाइट आणि मॅक्रोफेजवरील टीएलआर-4 या ग्राहीमार्फत काम करते, आणि उंदरांच्या बी पेशींना तर ते थेट विभाजनाला लावते. पेप्टाइड बनवताना जिवाणू वापरले जात नाहीत, म्हणून ते आपोआप स्वच्छ असेल, हा समज सर्रास आढळतो. संश्लेषणात जिवाणू नसले तरी शुद्धीकरणाच्या स्तंभातून वाहणारे पाणी, काचेची भांडी आणि गोठवून सुकवण्याचे यंत्र यांतून एंडोटॉक्सिन शिरते. 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून जिवाणू अडतात, त्यांचे लिपोपॉलिसॅकराइड अडत नाही. ऑटोक्लेव्हच्या 121 अंशांनाही ते पुरते नष्ट होत नाही. काचेची भांडी 250 अंशांवर किमान 30 मिनिटे कोरडी तापवावी लागतात. त्यामुळे ‘निर्जंतुक’ हा शब्द कुपीवर असला तरी या बाबतीत त्याचा आधार घेता येत नाही.

आकडा मांडून पाहू. एक एंडोटॉक्सिन एकक म्हणजे ढोबळमानाने 100 पिकोग्रॅम. पुडीत मिलिग्रॅममागे 10 एकके आहेत असे धरा आणि सुमारे 500 रेणुभाराचे पेप्टाइड 100 मायक्रोमोलरला वापरा. मिलिलिटरमध्ये 50 मायक्रोग्रॅम पूड गेली, म्हणजे अर्धे एकक, म्हणजेच 50 पिकोग्रॅम एंडोटॉक्सिन गेले. मानवी मोनोसाइट एवढ्या प्रमाणालाही सायटोकाइन (पेशींमधली संदेशवाहक प्रथिने) सोडू शकतात. रक्तातल्या मिश्र एककेंद्रकी पेशींच्या संवर्धनात मोनोसाइटांनी सोडलेल्या या सायटोकाइनांमुळे शेजारच्या टी पेशींची वाढ बदलते, आणि आपण तो परिणाम पेप्टाइडच्या खात्यावर लिहितो. मेसेंकायमल मूलपेशींवरही टीएलआर-4 असते, म्हणून मूलपेशींवर काम करणाऱ्यांनाही हा प्रश्न टळत नाही.

टफ्ट्सिनसारख्या पेप्टाइडच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. थ्रिओनिन, लायसिन, प्रोलिन आणि आर्जिनिन अशी चार अमिनो आम्ले असलेला हा तुकडा इम्युनोग्लोब्युलिन-जीच्या जड साखळीतून सुटतो. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात व्हिक्टर नज्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1970 च्या सुमारास शोधला, आणि भक्षक पेशींना चेतवणे हेच त्याचे मुख्य काम मानले जाते. एंडोटॉक्सिनही भक्षक पेशींनाच चेतवते. म्हणजे दूषित टफ्ट्सिन शुद्ध टफ्ट्सिनपेक्षा अधिक प्रभावी भासेल, आणि चांगला लॉट आला की ‘या वेळी पेप्टाइड खराब निघाले’ असा नेमका उलटा निष्कर्ष काढला जाईल.

येथे एक कंट्रोल फसवा ठरतो आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. प्रथिनांवर काम करणारे लोक नमुना उकळून पाहतात: प्रथिन उकळल्यावर निकामी होते, एंडोटॉक्सिन तसेच राहते, म्हणून उकळूनही परिणाम टिकला तर दोष एंडोटॉक्सिनचा. चार-पाच अमिनो आम्लांच्या साखळीला उलगडण्यासारखी घडीच नसते, त्यामुळे थोडा वेळ उकळल्यावर पेप्टाइडही बहुधा टिकते आणि एंडोटॉक्सिनही. उकळलेल्या नमुन्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी उलट बाजूने जावे: पेप्टाइड प्रोटिएज या साखळी तोडणाऱ्या एन्झाइमाने पूर्ण पचवावे, एन्झाइम निष्क्रिय करावे आणि उरलेले द्रावण पेशींवर घालावे. पेप्टाइडचे तुकडे झाल्यानंतरही परिणाम कायम राहिला, तर तो पेप्टाइडचा नव्हता. मात्र ज्या एन्झाइमने पचवायचे त्याचा एकट्याचा कंट्रोल याच प्लेटवर असला पाहिजे. सोबत एका रांगेत पॉलिमिक्सिन-बी घालावे, कारण ते लिपोपॉलिसॅकराइडच्या लिपिड-ए भागाला बांधून ठेवते. परंतु त्याची स्वतःची विषाक्तता असल्यामुळे केवळ माध्यम आणि पॉलिमिक्सिन-बी असा कंट्रोलही लागतो. उंदरांच्या पेशी वापरत असाल तर सी3एच/एचईजे या जातीच्या पेशींवर एकदा प्रयोग करून पाहावा. त्यांच्या टीएलआर-4 जनुकात दोष असल्याचे 1998 मध्ये दाखवले गेले आणि त्या एंडोटॉक्सिनला जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत.

एंडोटॉक्सिन मोजणारी लिम्युलस चाचणी प्रत्येक लॉटला करावी. ती करताना पेप्टाइड मिसळलेल्या नमुन्यात ज्ञात प्रमाणात एंडोटॉक्सिन घालून ते पूर्ण परत मोजले जाते का हे पाहावे, कारण धन प्रभाराची पेप्टाइडे एंडोटॉक्सिनला झाकून चाचणी खोटी नकारात्मक करू शकतात. चाचणी स्वच्छ आली तरी जिवाणूंच्या भित्तिकेचे तुकडे शिल्लक असू शकतात. म्युरामिल डायपेप्टाइड हा असाच एक लहान तुकडा आहे. प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फ्रॉइंडच्या पूर्ण अ‍ॅडज्युव्हंटमधला तो किमान सक्रिय घटक असल्याचे 1974 मध्ये दिसले. तो टीएलआर-4 ऐवजी पेशीच्या आतल्या नॉड-2 ग्राहीमार्फत काम करतो आणि लिम्युलस चाचणीच्या नजरेत येत नाही.

मोजणीच्या दिवशी काय उरले होते?

दुसरा प्रश्न पेप्टाइडच्या आयुष्याचा. थायमोपेंटिन मानवी प्लाझ्मात एका मिनिटाच्या आत निम्म्याने तुटते, कारण अमिनोपेप्टिडेज त्याच्या पुढच्या टोकाचे आर्जिनिन लगेच काढून घेतात. दहा टक्के सीरम असलेल्या माध्यमात वेग कमी असेल, पण 72 तासांनी जे मोजले जाते ते पहिल्या काही मिनिटांत दिलेल्या संकेताचे फळ असते किंवा तुकड्यांचे काम असते. दोन्हींपैकी काय, हे न तपासता पेप्टाइडची ‘मात्रा’ सांगणे निरर्थक आहे.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण एसी-एसडीकेपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचे आहे: अ‍ॅसिटिल गट लावलेले सेरिन, मग अ‍ॅस्पार्टिक आम्ल, लायसिन आणि प्रोलिन. वासराच्या गर्भाच्या अस्थिमज्जेतून ते वेगळे काढल्याचे 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. शरीरात ते थायमोसिन बीटा-4 पासून सुटते आणि रक्तपेशींच्या मूलपेशींना डीएनए दुप्पट करण्याच्या टप्प्यात जाण्यापासून रोखते. त्याच्या पुढच्या टोकाला अ‍ॅसिटिल गटाची टोपी असल्यामुळे अमिनोपेप्टिडेज त्याला हात लावू शकत नाहीत, म्हणून ते टिकाऊ असेल असे वाटते. परंतु रक्तदाब नियंत्रित करणारे अँजिओटेन्सिन-परिवर्तक एन्झाइम त्याला मागच्या बाजूने तोडते. मानवी प्लाझ्मात त्याचे अर्धायुष्य सुमारे 80 मिनिटे मोजले गेले आहे. हेच एन्झाइम वासराच्या सीरममध्येही असते, आणि पूरक प्रथिने निष्क्रिय करण्यासाठी सीरम 56 अंशांवर 30 मिनिटे ठेवले म्हणून ते संपले असे धरता येत नाही. लॉटनुसार त्याची सक्रियता बदलली की पेप्टाइडचा परिणामही बदलतो. समजा, सीरम दहापट पातळ झाल्यामुळे अर्धायुष्य दहापट वाढून 800 मिनिटे झाले. तरी तीन दिवसांत पाचहून अधिक अर्धायुष्ये उलटतात आणि मूळ मात्रेचा सुमारे चाळिसावा भाग उरतो.

म्हणून एसी-एसडीकेपीचा परिणाम येईनासा झाला तर पेशी बदलण्यापूर्वी माध्यमात कॅप्टोप्रिल घालून पाहावे. कॅप्टोप्रिल हे एन्झाइम अडवते. रुग्णाला ते दिले असता रक्तातले एसी-एसडीकेपी वाढते, हेही सिद्ध आहे. कॅप्टोप्रिल घातल्यावर परिणाम परत आला तर दोष सीरमच्या लॉटमध्ये होता. कॅप्टोप्रिल एकटे घातलेला कंट्रोल ठेवणे आवश्यक आहे, कारण सीरममधून आलेले किंवा पेशींनी स्वतः सोडलेले एसी-एसडीकेपीही त्यामुळे साठू शकते.

पेशी स्वतःसुद्धा कापतात, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. उद्दीपित टी पेशींच्या पृष्ठभागावर वाढणारे सीडी-26 हे डायपेप्टिडिल पेप्टिडेज-4 नावाचे एन्झाइमच आहे, आणि दुसऱ्या स्थानावर प्रोलिन किंवा अ‍ॅलॅनिन असलेल्या साखळीची पहिली दोन अमिनो आम्ले ते एकत्र काढून टाकते. त्यामुळे शांत टी पेशींमध्ये टिकणारे पेप्टाइड उद्दीपित पेशींमध्ये टिकेलच असे नाही, आणि प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) पेशी दाट पेरल्या की तेच पेप्टाइड लवकर संपते. पेशींची घनता ठरवून न ठेवता केलेले दोन प्रयोग या एकाच कारणाने वेगळे येऊ शकतात.

ज्यांना मास स्पेक्ट्रोमीटर किंवा एचपीएलसी वापरता येते त्यांनी पेशींसह आणि पेशींविना ठेवलेल्या माध्यमाचे नमुने शून्य, एक, चार आणि 24 तासांनी काढून अखंड पेप्टाइड मोजावे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पेप्टाइड रोज नव्याने घालून पाहावे, आणि तोच प्रयोग सीरमविरहित माध्यमात समांतर करावा. रोज घातल्याने परिणाम स्थिरावला तर उत्तर मिळाले.

तुटलेले पेप्टाइड नाहीसे होत नाही, त्याची अमिनो आम्ले माध्यमात मोकळी होतात. मायक्रोमोलर मात्रेला याने फरक पडत नाही. आरपीएमआय-1640 या संवर्धन माध्यमात मुळातच आर्जिनिन लिटरला 200 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 1.15 मिलिमोलर असते. परंतु मिलिमोलरच्या जवळ जाणाऱ्या मात्रा वापरल्या, किंवा जुन्या माध्यमात पेशी उपाशी असताना पेप्टाइड घातले, तर वाढ निव्वळ पोषणामुळे होऊ शकते. तीच अमिनो आम्ले त्याच प्रमाणात मोकळी मिसळलेला कंट्रोल ही शंका दूर करतो.

हा कंट्रोल डायपेप्टाइडच्या बाबतीत जवळजवळ अनिवार्य मानावा. सेंट पीटर्सबर्गच्या व्लादिमीर खाविन्सन यांच्या गटाने लायसिन-ग्लुटामिक आम्ल आणि ग्लुटामिक आम्ल-ट्रिप्टोफॅन अशा दोनच अमिनो आम्लांच्या पेप्टाइडांना प्रतिकारपेशींवर परिणाम असल्याचे मांडले आहे. पाच-सहा अमिनो आम्लांच्या पेप्टाइडला क्रम विस्कटलेला कंट्रोल घेता येतो; दोनच असतील तर क्रम उलटा करणे एवढाच पर्याय उरतो. डी-रूपातली अमिनो आम्ले वापरून आरशातील प्रतिमा बनवता येते, पण ती प्रोटिएजांना दाद देत नाही, म्हणून मूळ पेप्टाइड तुटून जे होते ते या कंट्रोलमध्ये होत नाही. कोणताही कंट्रोल पेप्टाइड वेगळ्या संश्लेषणातून येतो, त्याचा टीएफए वेगळा, एंडोटॉक्सिन वेगळे. त्याचीही लिम्युलस चाचणी आणि निव्वळ पेप्टाइडांश तपासावाच लागतो.

मोजली ती वाढच होती का?

रंगावरून वाचली जाणारी एमटीटी चाचणी स्वस्त आहे आणि सगळीकडे होते, म्हणून बहुतेक दावे तिच्यावर उभे असतात. ती पेशी मोजत नाही. पेशींची क्षपण करण्याची चयापचयी क्षमता मोजते. टी पेशींना उद्दीपन मिळाले की पहिल्या दिवसात त्या आकाराने फुगतात आणि त्यांचा चयापचय वाढतो, पहिले विभाजन साधारणपणे 24 तास उलटून गेल्यावर होते. म्हणजे 24 तासांच्या एमटीटीत दिसलेल्या 30 टक्के वाढीत एकही नवी पेशी नसू शकते. 72 तासांना तीच वाढ दिसली नाही, तर निकाल बदलला असे म्हणण्याऐवजी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या असे म्हणणे योग्य. सिस्टीन असलेले पेप्टाइड तर पेशी नसतानाही एमटीटीचे थेट क्षपण करून रंग निर्माण करते, त्यासाठी पेशीविरहित वेल ठेवावेत. लिम्फोसाइटसाठी सीएफएसई रंगाची पिढीगणिक होणारी घट फ्लो सायटोमीटरवर पाहावी, चिकटणाऱ्या मूलपेशींसाठी ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारी खूण) किंवा थेट मोजणी करावी.

मूलपेशींच्या बाबतीत ‘वाढ’ म्हणजे काय हेच आधी ठरवावे लागते. एसी-एसडीकेपीने विभाजन कमी झाले तर ते पेशींना विश्रांत ठेवण्याचे त्याचे काम असू शकते, विषबाधा नव्हे. पेप्टाइड धुऊन काढावे, पेशी पुन्हा पेराव्यात आणि वसाहती मोजाव्यात; वसाहती पूर्ववत आल्या तर पेशी थांबल्या होत्या, आल्या नाहीत आणि अ‍ॅनेक्सिन-व्ही (मरणाऱ्या पेशींची खूण) वाढलेले दिसले तर त्या मेल्या. मेसेंकायमल पेशींची संख्या हाडाच्या दिशेने विभेदन सुरू झाल्यावरही कमी होते, म्हणून अल्कलाइन फॉस्फटेज (हाडाकडे वळलेल्या पेशींची खूण) सोबत पाहिल्याशिवाय पेप्टाइड निरोधक आहे असे लिहू नये.

आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांच्या आरजीडी क्रमाबाबत उलटा परिणाम मिळाल्याची तक्रार वारंवार येते आणि तिचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. हा क्रम फायब्रोनेक्टिनमधला पेशी चिकटण्याचा भाग असल्याचे 1984 मध्ये पीअर्शबाखर आणि रुओस्लाहटी यांनी दाखवले. प्लेटच्या पृष्ठभागाला जोडून ठेवला तर मूलपेशी त्याला इंटिग्रिन या आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहीने धरतात, पसरतात आणि वाढतात. माध्यमात मोकळा विरघळवला तर तोच क्रम इंटिग्रिन व्यापून टाकतो, पेशी सुटतात आणि धुताना निघून जातात. पृष्ठभागावर बसवलेल्या आरजीडीचा काही भाग बांधला न जाता सुटा राहिला असेल, तरी हा परिणाम मिसळतो. म्हणून पेशी पेरण्यापूर्वीच्या शेवटच्या धुण्याचे पाणी तपासावे.

पेशींची बाजू

येथवरच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या की मग पेशींकडे वळावे, आणि त्यात पहिले नाव मायकोप्लाझ्मा या संवर्धनात नकळत शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूचे. त्याच्या काही जाती माध्यमातले आर्जिनिन फस्त करतात आणि लिम्फोसाइटांची वाढ दाबतात. काही जाती थायमिडिन तोडतात, त्यामुळे किरणोत्सारी थायमिडिनच्या मोजणीत पेशी वाढत असूनही आकडा पडतो. आर्जिनिन असलेले पेप्टाइड अशा संवर्धनात घातले तर ते उपाशी पेशींना अन्न पुरवून ‘वाढ करणारे’ ठरू शकते. पेशीरेषा पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रासारख्या मान्यताप्राप्त भांडारातून आणलेली असली तरी आपल्या इन्क्युबेटरमध्ये ती महिनोन्‌महिने चालते तेव्हा पीसीआर चाचणीची जबाबदारी आपली असते. प्लेटच्या कडेच्या वेलमधून पाणी अधिक उडते, तेथे बफर भरून ठेवावे आणि प्रयोग आतल्या वेलमध्ये करावा. डीएमएसओ हे द्रावक सर्व वेलमध्ये सारखे आणि शक्यतो 0.1 टक्क्याच्या आत असावे.

रक्तदात्यांमधला फरक मात्र दोष नाही. एका दात्याच्या पेशींचे सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. संख्याशास्त्रात एकक दाता हाच असतो. मेसेंकायमल पेशींनाही हेच लागू पडते. प्रत्येक दात्याचा निकाल वेगळ्या रेषेने दाखवला, तर काहींच्या पेशी प्रतिसाद देतात आणि काहींच्या देत नाहीत हे उघड दिसते. सरासरीत ते लपते आणि मग पुढच्या दात्याच्या पेशी घेतल्या की ‘निकाल बदलला’ असे आपल्याला वाटते.

कमी पैशांत कोठून सुरुवात करावी, असे विचारले जाते. माझा क्रम असा आहे: लिम्युलस चाचणी, स्टॉकची खरी संहती, प्रोटिएजने पचवलेल्या पेप्टाइडचा कंट्रोल, रोज नव्याने मात्रा देऊन एक प्रयोग, आणि 24 व 72 तासांना थेट पेशीमोजणी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींसाठी एका आठवड्याहून अधिक वेळ लागत नाही. जुन्या लॉटचा थोडा भाग उणे 80 अंशांवर राखून ठेवावा आणि नवा लॉट आला की दोन्ही एकाच प्लेटवर, एकाच दात्याच्या पेशींवर, एकाच सीरमसह शेजारी शेजारी चालवावेत. फरक तेथेही दिसला तर पुढचा तपास पुरवठादाराच्या प्रमाणपत्रापासून सुरू करावा. दिसला नाही तर सीरम आणि पेशींची घनता यांच्या नोंदी काढून बसावे.